जिताड्याचं कालवण घेऊन नागपूरला

मी स्टीलचा कडीचा डबा. राहणार पनवेल, शशिकलाबाईंची मांडणी. त्यांच्या लग्नात आहेर म्हणून आलो, अंगावर नाव कोरून. पण त्यांच्यापेक्षा शेजाऱ्यांकडेच जास्त राहिलो. त्यामुळे कोणाकडे काय चाललंय ते मला कळतं. चौकशा करायची सवय नाही, पण झाकण लावलं तरी ऐकू येतंच.

मागच्या आठवड्यात समोरच्या कमळाबाई मला मागून घेऊन गेल्या. त्यांची लेक समीक्षा नागपूरला असते. सातवा महिना. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, म्हणून माहेरी येता येत नाही. तोंडाला चव नाही, दोन घास खाल्ले की ताट सरकवते. फोनवर एवढंच म्हणाली, "आये, तुझ्या हातचं जिताडं खावंसं वाटतं गो."

डोहाळा अपुरा ठेवत नाहीत. कमळाबाईंचे मालक तुळशीराम यांनी उरणहून ताजा जिताडा मासा आणला आणि मोबाईलमध्ये अंतर बघितलं.

"रस्त्यानं आठशे किलोमीटर. इमानानं दीड तास."

"दीडच तास? हितल्या हितं नेऱ्याला लग्नाला गेलो तवा याच्यापेक्षा जास्त लागला!" कमळाबाई म्हणाल्या. "कालवण गरमच पोचल."

शशिकलाबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "रस्सा जरा आटवा हो."

"नाय. तिला भातावर रस्सा लागतो."

मला गळ्यापर्यंत भरलं, फडक्यात बांधलं. कमळाबाई आणि मी घरून नऊला निघालो. विमान साडेबाराचं. मधले साडेतीन तास मोबाईलने सांगितले नव्हते.

विमानतळावर तपासणीच्या बाईने माझी कडी काढली.

"मावशी, रस्सा नाही नेता येणार. तुकड्या ठेवा, रस्सा टाकून या."

"टाकू? लेकीचा डोहाळा हाय त्यो."

"नियम आहे, मावशी."

मोठी बॅग आधीच आत गेलेली, तिच्यात ठेवायची सोय नाही. कमळाबाई बाजूला उभ्या राहिल्या, मला तोंडाला लावलं आणि अख्खा रस्सा प्यायल्या. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातूनही. रांगेतला एक कोटवाला बघत राहिला.

"घेता काय?" त्यांनी विचारलं.

तो नको म्हणाला.

विमान खरोखर दीड तासात उतरलं. मग बॅगेची वाट, मग टॅक्सी. समीक्षाने दार उघडलं तेव्हा चार वाजले होते आणि मी गार पडलो होतो.

तिने झाकण काढलं. आत सात कोरड्या तुकड्या. वास घेऊन हिने ताट सरकवलं तर? कमळाबाई तिच्या तोंडाकडे बघत उभ्या.

"आये, रस्सा कुठाय?"

"मी प्याले."

समीक्षा आधी हसली, मग रडली, मग भात मागितला. पाच तुकड्या खाल्ल्या आणि बोटाने माझा तळ पुसून घेतला.  कमळाबाई भात वाढायला तीनदा उठल्या.

रिकामा डबा परत करायचा नाही, ही आपली रीत. समीक्षा म्हणाली, "आता बाळ झालं की भरूनच पाठवीन." तेव्हा शशिकलाबाई, दोन-अडीच महिने दुसऱ्या डब्यावर भागवा. मी इथे नागपूरच्या ओट्यावर आहे, मजेत. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. मला दोन्ही सारखंच. एकच विनंती, भरण्याआधी कोणीतरी मला चिंच लावून चांगला घासा. बाळाच्या पहिल्या गोडाला मासळीचा वास नको.