चाखून थुंकायचं काम

पाहुणे दारू तोंडात घेत होते आणि थुंकत होते, तेही चकचकीत पिकदाणीत! जानकीने हे आदल्या दिवशी ऐकलं होतं, पण डोळ्यांनी पाहिल्यावर तिला हसू आवरेना. फुकटची दारू कुणी थुंकतं का? घाटकोपरच्या तिच्या चाळीत असं कुणी केलं असतं, तर त्याला सरळ भगताकडे नेलं असतं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद छापखान्याच्या जागेत वसुधाबाईंनी चित्रांची गॅलरी काढली होती. जानकी तिथे दाराशी बसून येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची. आज नाशिककडचे बागाईतदार अंबादासराव आपली नवी वाइन लोकांना चाखवायला आले होते. मधे पांढऱ्या चादरीचं टेबल, आणि भिंतीवरच्या चित्रांकडे पाठ करून सगळे पेल्यांत नाक खुपसून उभे. चित्रांची कुणालाच पडली नव्हती.

पिकदाण्या रिकाम्या करायला माणूस हवा होता, म्हणून जानकीने वडिलांना आणलं होतं. गिरणीच्या संपापासून धोंडू परब तीन वर्षं घरीच होते. कुणी काम सुचवलं की अंगावर धावून जायचे. आज मुकाट्याने आले, त्यामुळेच जानकीच्या जिवाला घोर लागला होता. लोकांची थुंकी उचलताना त्यांचं डोकं फिरलं तर?

डोकं काही फिरलं नाही. ते पाहुण्यांकडे टक लावून पाहत होते.

"काय गो, हे आमच्यासारखेच करतत की!"

"तुमच्यासारखे?"

"गिरणीच्या रंगखात्यात हौदातलो थेंब जिभेर घेवचो, आंबाट काय खाराट ता बघूचा आणि थुकूचा. वीस वर्सां ह्याच केलंय मी."

अंबादासरावांचे कान तिखट. ते गर्रकन वळले. "चाखणारे होतात? मग इकडे या की!"

अंधेरीतल्या त्यांच्या गोदामात येणारी प्रत्येक खेप तपासायला त्यांना माणूस हवा होता. शिकलेली पोरं येऊन गेली, पण ती चाखता चाखता गिळतच सुटली. त्यांनी तीन पेले भरले. "यातली एक बिघडलेली आहे. ओळखलीत तर सोमवारपासून कामावर या."

पाहुणे भोवती जमले. धोंडूंनी पहिला पेला चादरीवर तिरका धरला आणि आतल्या दारूच्या कडेकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग घोट घेतला, घोळवला, थुंकला. तिन्ही पेल्यांचं तसंच केलं.

"ही," मधला पेला सरकवत ते म्हणाले.

"शाब्बास!" अंबादासराव ओरडले. टाळ्या पडल्या. कधी एकदा घरी जाऊन आईला सांगते, असं जानकीला झालं.

धोंडू मात्र खाली मान घालून उभे होते. "साहेब, खोटा बोलूचा नाय. ही मी रंगावरनं वळखली. कडेक विटकरी झाक इलीय. जिभेक काय कळाक नाय. सात वर्सां झाली, तेजाबान जीभ मारून टाकल्यान. गिरणीतली शेवटची वर्सां डोळ्यांरच निभावलंय."

जानकी पुढे आली. सात वर्षं? आई रोज विचारायची, मीठ बरोबर आहे ना? आणि हे मान डोलवून "झकास" म्हणायचे. घरात कुणालाच पत्ता नव्हता. तिला रडूही आलं आणि रागही आला.

अंबादासराव ओशाळले. "मग नाही जमायचं हो परब. निम्मं काम डोळ्याचं, पण निम्मं जिभेचं आहे."

धोंडूंनी क्षणभर विचार केला. मग चांगल्या वाइनचा पेला उचलला आणि जानकीपुढे धरला. "चेडवा, तू चाख आणि माका सांग."

ज्या बापाने तिला मैत्रिणींबरोबर कधी सिनेमाला जाऊ दिलं नव्हतं, तो भर सभेत तिच्या हाती दारू देत होता! जानकीने घोट घेतला आणि थुंकायचं विसरून गिळून टाकला.

"आधी आंबट," ती म्हणाली. "मग करवंदासारखं. पिकत आलेलं असतं ना, तसं. मागून तुरट."

धोंडूंनी डोळे मिटले होते.

"पोरीला जीभ आहे," अंबादासराव हसत म्हणाले. "सोमवारी या. दोघंही."

"सोमवारचा मागाहून बघू, साहेब," धोंडू डोळे न उघडताच म्हणाले. "मागून तुरट म्हणालंस. मगे काय गो? सावकाश सांग."