नवलपुऱ्यावरचे तीन प्रबंध

विलास वैरागडे यांनी भोपाळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं प्रबंध सांभाळले आणि त्यातला एकही वाचला नाही. ही गोष्ट ते लपवत नसत, उलट मिरवत. एखादा पीएचडीवाला लाल कापडी बांधणीचा ठोकळा छातीशी धरून टेबलाशी आला, की ते पहिलं पान उघडत, शिक्का मारत, तारीख घालत, खाली झोकदार सही करत आणि ठोकळा ज्या विभागाचा असेल त्या विभागाच्या कपाटात नेऊन ठेवत. कपाटं अकरा होती आणि किल्ल्या त्यांच्या कमरेला. "आम्ही ठेवणारे," ते म्हणायचे, "वाचणारे वेगळे." हे वेगळे वाचणारे त्या खोलीकडे सहसा फिरकत नसत, हे सांगायची मात्र त्यांना कधी गरज वाटली नाही.

त्या कपाटांत काय नव्हतं? मोठ्या तलावातल्या बेडकांच्या आवाजावर एकाने पाच वर्षं घालवली होती. एका बाईंनी बुंदेली लग्नांत व्याह्यांना घालायच्या शिव्यांच्या गाण्यांवर चारशे पानं लिहिली होती. कोणी डोंगरातल्या दगडाला तडे कसे जातात ते पाहत बसला, कोणी संस्कृत नाटकातला विदूषक काय काय खातो त्याची यादी केली, कोणी म्हशीच्या दुधातले जंतू मोजले. सगळी माणसं हुशार, सगळी घाम गाळणारी. पण बेडकांवाल्याने कधी दुधाचं कपाट उघडलं नाही आणि शिव्यांवाल्या बाईंना दगडांचं काही देणंघेणं नव्हतं. पदवी मिळाली, पेढे वाटले, कपाटाला कुलूप. विद्या म्हणजे काय, तर हे, असं विलासराव हसून म्हणत, आणि त्या हसण्यात थोडी फुशारकीच असे.

निवृत्तीला चार महिने उरले असताना नव्या ग्रंथपाल मिश्रा मॅडमनी त्यांना संगणकासमोर बसवलं. सगळ्या प्रबंधांची नोंद आता त्यात करायची होती. नाव, विषय, वर्ष हे ठीक होतं. चौथा रकाना होता स्थळाचा.

"थीसिस कहाँ के बारे में है, वो भी डालना है, वैरागडे जी," मॅडम म्हणाल्या. "अंदर देखना पड़ेगा."

"अंदर तो हमने कभी देखा ही नहीं, मैडम."

"तो अब देखिए."

विलासराव चिडले, पण करतात काय. रोज चाळीस प्रबंध उघडू लागले, स्थळ शोधू लागले आणि एका बोटाने टंकू लागले. संध्याकाळी शाहपुऱ्याच्या फ्लॅटवर येऊन बायकोपुढे कुरकुर करत. सुमनताई ऐकून घेत. बत्तीस वर्षांच्या संसारात ऐकून घ्यायची त्यांना सवय झाली होती.

त्यांना ऐकावं लागलेलं सगळ्यात वाईट होतं ते आशयबद्दलचं. आशय त्यांचा एकुलता एक मुलगा, आता पंचवीस वर्षांचा. अंगाने उंचापुरा, चेहऱ्याने गोड. अरेरा कॉलोनीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात तो कागदाचे गठ्ठे उचलायला होता. उचलायचा चांगले, मोजायला सांगितलं की दहाच्या पुढे घोटाळा. पाचवीत त्याची शाळा सुटली. तोवर दर तिमाहीला प्रगतिपुस्तक घरी येई, विलासराव त्याच्यावर तीच झोकदार सही करत आणि मग लाकडी पट्टी काढत. पोरगं रडत नसे. तळवा वर करून उजवा हात आपणहून पुढे करी. वैरागड्यांच्या घरात असा ढ कसा निपजला, हा विलासरावांचा सवाल होता, आणि जबाबही त्यांच्याकडे तयार होता: सुमनताईंचा धाकटा भाऊ दत्तू. पुलगावचा दत्तू जरा भोळसट होता. त्याला लहानपणी मेंदूज्वर झाला होता, त्याआधी तो चांगला धडधाकट होता, हे सुमनताईंनी सुरुवातीला शंभरदा सांगून पाहिलं. पुढे सांगणं सोडलं. "आनुवंशिक आहे," विलासराव म्हणत. "तुमच्याकडचं आहे." हा शब्द त्यांनी कुणा शिकलेल्या माणसाकडून उचलला होता आणि वीस वर्षं तो ते घरात वापरत होते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी काम संपत आलं. मिश्रा मॅडम खुशीत होत्या. स्थळाचं नाव टाकलं की त्या जागेबद्दलचं सगळ्या विभागांतलं सगळं एका यादीत येतं, हे त्यांनी दाखवलं. "अपना कोई मोहल्ला डालिए, मज़ा आएगा," म्हणून त्या मीटिंगला निघून गेल्या.

विलासरावांनी 'नवलपुरा' टाकलं. हबीबगंजच्या रुळांपलीकडची ती वस्ती. शाहपुऱ्याला येण्याआधी एकोणीस वर्षं ते तिथे राहिले होते, आशय तिथेच जन्मला होता. पडद्यावर तीन नावं आली. एक वाणिज्यचं, एक रसायनशास्त्राचं, एक शिक्षणशास्त्राचं. आठ दिवसांच्या अंतराने तिन्हींची नोंद त्यांनीच केली होती आणि दर वेळी जुन्या गल्लीचं नाव पाहून जरा गंमतही वाटली होती. एकत्र मात्र ती आज पहिल्यांदा दिसत होती. ते उठले, तीन कपाटांतून तीन ठोकळे काढून आणले आणि वेळ जात नव्हता म्हणून वाचायला बसले.

वाणिज्यवाला २००३ चा. नवलपुऱ्यातल्या भंगारधंद्यावर त्याने फार कौतुकाने लिहिलं होतं. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवणाऱ्या सात भट्ट्या, त्यांतून सव्वाशे कुटुंबांना काम. हा नमुना इतर शहरांनीही उचलावा, असा त्याचा निष्कर्ष होता. विलासरावांना त्या भट्ट्या आठवल्या. त्यांचा धूर संध्याकाळी अंगणात उतरायचा आणि सुमनताई वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या.

शिक्षणवाला २००७ चा. नवलपुऱ्याच्या प्राथमिक शाळेत दर तीन मुलांमागे दोन मुलं मंदगती का, असा त्याचा प्रश्न. कारणं दिली होती आई-वडिलांची उदासीनता, कुपोषण आणि आनुवंशिकता. तिसऱ्या कारणाला उदाहरण म्हणून विद्यार्थी क्रमांक २३ होता: वडील विद्यापीठात कर्मचारी, घरचं वातावरण चांगलं, मारहाण नाही, मात्र वडिलांनी दिलेल्या माहितीनुसार आईचा भाऊ मंदबुद्धी. विलासरावांनी हे दोनदा वाचलं. ती माहिती त्यांनीच दिली होती, ओट्यावर बसून, चहा पिता पिता. मारहाण नाही हेसुद्धा त्यांनीच सांगितलं होतं. त्यावर तो संशोधक मान डोलावून म्हणाला होता, हे आनुवंशिक दिसतं. शब्द तिथून आला होता. त्यांचंच म्हणणं छापून, बांधून त्यांच्याच टेबलावर आलं होतं आणि त्यांनीच त्यावर शिक्का मारला होता.

रसायनवाला या दोघांच्या मधला, मार्च २००४ चा. लिहिणारी योगिनी नावाची मुलगी. नवलपुऱ्यातल्या चाळीस घरांच्या अंगणातली माती आणि नळाचं पाणी तिने तपासलं होतं. नमुना क्रमांक अकरा: विद्यापीठ कर्मचाऱ्याचं अंगण, मुलाची खेळायची जागा. मातीतलं शिसं मर्यादेच्या बावीस पट. खाली तिने लिहिलं होतं की सहा वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूवर याचा परिणाम कायमचा होतो, लहान मुलं असलेल्या घरांनी तिथून हलणं उत्तम आणि रहिवाशांना हे ताबडतोब कळवलं पाहिजे.

तेव्हा आशय चार वर्षांचा होता. दिवसभर त्या अंगणात मातीचे लाडू करायचा, आणि ते तोंडातही घालायचा.

तीन माणसं एकाच गल्लीत येऊन गेली होती. एकाने भट्ट्या पाहिल्या, एकीने शिसं पाहिलं, एकाने पोरं पाहिली. तिघांचे प्रबंध एकाच खोलीत वीस वर्षं चार-पाच पावलांवर उभे होते. हे तिन्ही ज्याच्या हातातून गेले असा माणूस जगात एकच होता.

मग त्यांना ती मुलगीही आठवली. प्रबंध जमा करायला आली तेव्हा सावळा, दमलेला चेहरा, मराठीच. "काका, चौथं प्रकरण जरूर वाचा. तुमच्या घराचं आहे त्यात." आणि आपण काय म्हणालो, तेही आठवलं. आम्ही ठेवणारे, बाळ, वाचणारे वेगळे. ती उभी राहिली होती. पुन्हा काही बोलणार होती. त्यांनी पुढच्याला हाक मारली होती.

ते पुन्हा पडद्याकडे वळले. स्थळाच्या रकान्यात 'नवलपुरा' खोडून नुसतं 'भोपाळ' लिहिलं असतं, तर तिन्ही प्रबंध हजारभर प्रबंधांत विरघळून गेले असते. त्यांनी एकाचं खोडलंही. मग पुन्हा एक एक अक्षर शोधत टंकलं. आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडून त्यांनी योगिनीचा प्रबंध पिशवीत घातला आणि घरी आले.

सुमनताई वाल सोलत होत्या. विलासरावांनी प्रबंध जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. भट्ट्या, माती, शिसं. दत्तूचा काही संबंध नव्हता, हेही सांगितलं. आता ही रडेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं. तिने ओरडावं असंच त्यांना वाटत होतं.

सुमनताईंनी हात पदराला पुसले. "कधीचं आहे हे?"

"मार्च दोन हजार चार."

त्यांनी प्रबंध जवळ ओढला. मग म्हणाल्या, "माती न्यायला आली होती ती मुलगी. मीच तिला खुरपं दिलं. म्हणाली, काकू, रिपोर्ट काकांच्याच ऑफिसात येईल. मी तुम्हाला विचारलं होतं, आला का म्हणून. दोनदा विचारलं."

विलासरावांना हे आठवत नव्हतं, आणि ते खरं आहे याविषयी तिळमात्र शंकाही नव्हती.

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, आला असेल, कपाटात असेल. आपल्याला त्यातलं काय कळतंय." त्यांनी पुन्हा शेंग हातात घेतली, पण ती सोलली नाही. "पुलगावला माझ्या दादांनी खोली देऊ केली होती तेव्हा. मी पोराला घेऊन गेले असते हो. मला कुणी नुसतं सांगायला हवं होतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. विलासरावांना तिच्याकडे बघवेना. योगिनी काय म्हणाली होती ते अजून सांगायचं राहिलं होतं, आणि ते सांगितल्यावर या घरात आपल्याला बसायला जागा उरणार नाही हे त्यांना कळत होतं.

"ती मला सांगत होती," ते म्हणाले. "टेबलाशी उभी राहून. घराचं आहे, वाचा म्हणाली. मी ऐकलं नाही."

सुमनताईंनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं नव्हतं. त्या काही बोलणार तोच दाराची कडी वाजली आणि आशय दुकानातून आला. चपला नीट जोडून ठेवल्या, हात धुतले, टेबलाशी आला. लाल बांधणीचं एवढं मोठं पुस्तक घरात कधी नव्हतं. त्याने उत्सुकतेने पहिलं पान उघडलं. छापलेल्या अक्षरांवरून त्याचं बोट घरंगळत खाली गेलं आणि निळ्या शाईच्या सहीवर थांबलं. एवढं एक त्याला झटक्यात वाचता आलं.

"बाबा, ये तुमची साइन आहे ना," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "मी फिरसे फेल झालो का?"

आशयने खांद्यावरची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तळवा वर करून उजवा हात पुढे केला.