नारळाच्या सहाशे हालचाली

नार्वे गावात सगुणच्या अंगणातल्या मांडवात माणूस मावत नव्हता. त्याच्या बापाचा, भिकाजीचा, अर्धांगाने लुळा पडलेला डावा हात डिचोलीहून आलेल्या स्वामींनी बरा केला होता, तोही यंत्राच्या साक्षीने. मनगटावरच्या पट्ट्याने मोबाईलवर आकडा दाखवला: परवापर्यंत दिवसाला दीडशे हालचाली, काल चार हजार!

पट्टा दिला होता इस्पितळात व्यायाम घेणाऱ्या योगिता डॉक्टरने, घरात वावरताना हात किती हलतो ते कळावं म्हणून. स्वामींनी काल भिकाजीला तासभर झोपाळ्यावर झुलवून ‘देवीचा वारा’ दिला. वर म्हणाले, "पट्टा राहू दे. यंत्रालाही देवीपुढे खरं बोलावं लागतं." मग व्यायाम बंद करायला सांगितला आणि जाहीर केलं, की आज बारशाला भिकाजी याच हाताने नात उचलेल. आकडा बघून भिकाजीलाही हात हलल्यासारखा वाटू लागला होता.

ही नात म्हणजे सून गौरवीची लेक. बाळाच्या दुपट्यातली सुरकुतीसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. मग सासऱ्यांनी पेजेची वाटी आज सकाळीही उजव्याच हाताने धरली, हे कसं सुटावं? ती बोलली, तर सासू शेवंतीने शिकलेल्या सुनांच्या शंकांचा उद्धार केला. पण योगिताने बजावलेलं गौरवीला आठवत होतं: बसमध्ये पट्टा काढून ठेवा, धक्केही मोजले जातात.

बाळ पुढे करायची वेळ आली तेव्हा ती हात जोडून म्हणाली, आधी ओटीच्या नारळाला वारा द्या. स्वामी खूश झाले. तिने भिकाजीच्या मनगटावरचा पट्टा काढून नारळाच्या शेंडीला बांधला, मोबाईलवरची मोजणी शून्यावर आणली आणि नारळ झोपाळ्यावर ठेवला. दहा मिनिटं झोपाळा हलला. सगुणने मोबाईल वाचला. सहाशे.

"ह्या नारळाक अर्धांग कधी झाला?" त्याने विचारलं.

मांडव हसू लागला. स्वामी म्हणाले, देवी नारळात शिरली.

"मगे त्या नारळाक सांगा," शेवंती उठून उभी राहिली, "माझ्या नातीक उचल म्हणान."

स्वामींना एकाएकी डिचोलीची बस आठवली.

गौरवी म्हणाली, "यंत्र खोटं बोललं नाही. काहीतरी हललं, एवढंच ते सांगतं. कोणी हलवलं, ते आपण विचारायचं. न विचारता मी आज पोर हातात दिली असती."

भिकाजी मान खाली घालून बसला होता. तिने मोजणी परत शून्यावर आणली, पट्टा पुन्हा त्याच्या मनगटावर बांधला आणि बाळ स्वतःच्या मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली. बऱ्याच वेळाने त्याचं डावं बोट सरकत सरकत त्या इवल्या मुठीपाशी पोचलं.

शेवंतीने मोबाईलमध्ये डोकावलं. "चारच?"

"चार," भिकाजी म्हणाला. "पण माझ्या."