लेस्याच्या नावाचा होकार

लेस्या ह्रिन्चुकला नाही म्हणताच येत नसे. कॅनडातल्या विनिपेगची माणसं तशी सगळीच भिडस्त; तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तर माफी तेच मागतात. पण लेस्या म्हणजे कहर होता! ती कामाला होती ती कंपनी बर्फ उपसायच्या यंत्रांचे सुटे भाग विकायची. कुणाची रजा मांडायची, कुणाची बिलं लावायची, कुणाच्या वाढदिवसाचा केक आणायचा, सगळं हिच्या गळ्यात. दुपारची सुट्टी तेवढी तिची स्वतःची. तेव्हा ती रस्ता ओलांडून वृद्धाश्रमात जायची आणि बाबांना बिटाचं सूप भरवायची. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की म्हातारा तोंड घट्ट मिटून घ्यायचा.

म्हणून मालक गार्थ फ्रीसनने ईमेलना आपोआप उत्तरं देणारं यंत्र आणलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. यंत्राने तिची जुनी पत्रं वाचली आणि ते हुबेहूब तिच्यासारखं लिहू लागलं. ‘उशिराबद्दल माफ करा. हो, आनंदाने करेन.’ गार्थने स्वतःसाठीही एक घेतलं. झालं! त्याचं यंत्र विचारायचं, तिचं यंत्र हो म्हणायचं, आणि ही दोन माणसं आपापली कॉफी पीत बसायची. काय लिहिलं जातंय ते वाचायचे कष्ट कोण घेतो!

एका शुक्रवारी तिला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. टेबलावर केक होता आणि केकवर साखरेचं पांढरं अस्वल.

“चर्चिलच्या गोदामाची साहेबीण!” हिशेब बघणारी रोवेना तिच्या गळ्यातच पडली. “सोमवारी निघणार, आणि पत्ता लागू दिला नाहीस गं, लबाड! आणि तुझं घर माझ्या भाचीला राहायला दिलंस, किती गोड!”

म्हणजे लेस्याच्या यंत्राने परस्पर हो म्हणून टाकलं होतं. चर्चिल! पार उत्तरेला, जिथं धड रस्तासुद्धा पोचत नाही, तिथं? सोमवारी? आणि बाबांना भरवणार कोण?

तिने घसा खाकरला. “गार्थ, मी जाणार नाही.”

टेबलावर बैठकीची टिपणं काढणारं यंत्र होतं, त्याने ते वाक्य टिपलं आणि सगळ्यांना धाडून दिलं. लगेच गार्थच्या फोनवर लेस्याच्या यंत्राचं उत्तर आलं. त्याने मोठ्याने वाचलं, “लेस्या आत्ता जे बोलली त्याबद्दल माफ करा. ती आनंदाने जाईल.”

“ते मी नाही लिहिलं!”

“अगं, पण हे बोलणं तुझंच वाटतंय,” गार्थ अगदी कळवळून म्हणाला. “इतकी वर्षं ओळखतो मी तुला. ते मघाचं जाणार नाही-बिणार नाही, ते कोण बोललं? बरं नाही का तुला?”

रोवेनाने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. लेस्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग तिला नवीनच होता, पण बरा वाटला.

“ज्याने हो म्हटलं त्याला पाठवा!” ती ओरडली. “त्याला न्या चर्चिलला!”

गार्थ विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. खरंच, हो तर त्यानेच म्हटलं होतं! मंडळी कामाला लागली. यंत्राचा संगणक खोक्यात भरला, त्याला लोकरीची टोपी घातली. रोवेनाने भाषण केलं आणि डोळे पुसले. म्हणाली, इतकं गुणी कुणी आता मिळायचं नाही. केक कापला.

“फक्त एक काम,” गार्थ खालच्या आवाजात म्हणाला. “त्याला तिथं सोडून यायला कुणीतरी हवं. चारच दिवस. लेस्या, तू...”

सगळे तिच्याकडे पाहून हसले, नेहमीसारखे, प्रेमाने. तिच्या ओठांवर हो आलंच होतं.

“नाही,” ती म्हणाली. कारण दिलं नाही, माफी मागितली नाही. कोट उचलला आणि दाराबाहेर पडली.

मागून टिपणवाल्या यंत्राचा आवाज आला, “लेस्या नाही म्हणाली, असं लिहू? खात्री आहे?”

“लिही,” गार्थ म्हणाला.

“नक्की?”

“अरे हो रे बाबा! नक्की!”

लेस्या तोवर रस्ता ओलांडत होती. उशीर झाला होता, आणि पलीकडे बाबा तोंड मिटून बसले असणार होते.