तिसरा हात

आमच्या अभ्यासक्रमात एकच गोष्ट तीन तऱ्हांनी लिहावी लागे: वर्तमानपत्रासाठी, मोबाइलसाठी आणि रेडिओसाठी. पहिल्या दोन मी हसतखेळत निभावल्या. रेडिओने मात्र नाकी नऊ आणले. दोनदा नापास झाले होते. या खेपेलाही गाडी अडली, तर पदवी आणि रेडिओ केंद्रातली ठरलेली नोकरी, दोन्हींवर पाणी सोडावं लागणार होतं.

रेडिओ शिकवणाऱ्या बाईंना आम्ही कात्रीबाई म्हणायचो. त्यांच्या परीक्षेची रीत जगावेगळी. घरचं एक माणूस आणायचं, त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचं आणि आपण लिहिलेलं त्याच्या पाठीमागून वाचायचं. जिथे कळणार नाही तिथे त्याने हात वर करायचा. तीन हात झाले की नापास. "ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही," असं बाई म्हणायच्या.

मी अप्पांना नेलं. अप्पा म्हणजे माझे वडील. घरात आम्ही दोघंच. तीस वर्षं त्यांनी एका कचेरीची लिफ्ट चालवली. इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षा त्यांचीच असल्यासारखे ताठ बसले. विषय मी त्यांच्याच निवृत्तीचा घेतला होता. म्हटलं, स्वतःचीच गोष्ट, त्यात न कळण्यासारखं काय असणार! अतिशहाणपणा नडतो तो असा.

पहिल्याच वाक्यात मी सन, मजले, रोजच्या फेऱ्या यांचा ढीग ओतला. हात वर. पुढे 'उपरोक्त कर्मचाऱ्यांनी' आलं. मीही त्याच कचेरीत तीन वर्षं कारकून होते, ती भाषा अंगातून लवकर जात नाही. पुन्हा हात वर. पण उरलेलं सोपं होतं: तळमजल्यावरचा निरोप समारंभ, साहेबांचं भाषण, टाळ्या. अप्पा हलले नाहीत.

शेवटी मी वाचलं, "घरचं कोणी येऊ शकलं नाही."

हात वर गेला.

आपण काय केलं हे लक्षात येताच अप्पांनी तो घाईघाईने खाली घेतला. "बाई, हा धरू नका हं. मी डोकं खाजवत होतो." खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही.

कात्रीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी सुटले असते.

"नाही बाई," मी म्हटलं, "हात वर होता. आणि बरोबरच होता. घरचं कोण आलं नाही, ते मी लिहिलंच नाही."

बाईंनी वहीत शेरा लिहिला. नापास. मग पेन बाजूला ठेवून म्हणाल्या, "आता सांग."

मी कागद खाली ठेवला. "मी वर पाचव्या मजल्यावर, माझ्या टेबलाशीच बसले होते. लिफ्टवाले काका माझे वडील आहेत, हे मी तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं. मला लाज वाटायची. म्हणून मी खाली गेले नाही."

अप्पा भिंतीकडे बघतच बोलले.

"माहीत आहे, बाळा. भाषण सुरू व्हायच्या आधी दोनदा लिफ्ट पाचव्यावर आणली होती मी. दार उघडं ठेवून थांबलो होतो."