एकतीस आठवडे

एमआरआय काढणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे ‘घड्याळराव’ म्हणत. बावीस वर्षांत त्याने कोणाला दिलेली वेळ चुकवली नव्हती आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. त्या मंगळवारी मात्र सकाळीच मशीन तासभर बंद पडलं आणि बाहेरच्या बाकांवर माणसं मावेनाशी झाली.

दुपारी एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर आली. सोनोग्राफीत पोटातल्या बाळाच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या जरा रुंद वाटल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता. तिच्या बांगड्या आणि कानातलं घेऊन नवरा कपाटात ठेवायला गेला. घड्याळरावाने फॉर्म पुढे ओढला.

“शेवटची पाळी कधीची?”

तिने तारीख सांगितली. “पण दादा, माझी पाळी पुढेमागे व्हायची. पहिल्या सोनोग्राफीत तीन आठवडे कमी धरायला सांगितलंय. फाइलमध्ये आहे, दाखवते.”

“ताई, विचारलं तेवढंच सांगा. बाहेरची गर्दी बघितलीत ना?”

अर्धी बाहेर काढलेली फाइल तिने मुकाट्याने पिशवीत सरकवली. त्याने लिहिलं, एकतीस आठवडे.

बाकी सगळं त्याने नीट केलं. तिला डाव्या कुशीवर निजवलं, पाठीला उशी दिली, कानात बोळे घातले. चित्रं स्वच्छ आली. “बाळ गुणी आहे हो, हललंच नाही,” असंही तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रेडिओलॉजिस्ट मॅडमनी रिपोर्ट दिला. पोकळ्या ठीक होत्या. पण मेंदूवरच्या वळ्या एकतीस आठवड्यांच्या मानाने कमी होत्या. वाढ मागे पडल्याची शंका होती.

सोमवारी ती दोघं परत आली. आठवड्यांचा घोळ त्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आला होता. मॅडमनी फाइल पाहिली, चित्रं पुन्हा लावली आणि घड्याळरावालाही खोलीत बोलावलं.

“अठ्ठावीस आठवड्यांचा मेंदू असाच दिसायला हवा,” त्या म्हणाल्या. “वाढ अगदी वेळेवर आहे.”

नवरा खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मॅडम घड्याळरावाकडे वळल्या. “तारीख बदललीय हे यांनी सांगितलं नव्हतं?”

“नाही, मॅडम.”

तोंडातून निघूनच गेलं.

“मी म्हणत होतो ना?” नवरा डोळे पुसत बायकोला म्हणाला. “तू धड सांगितलंच नसशील!”

ती घड्याळरावाकडे बघत राहिली. आता ही भांडणार, मग आपण काय म्हणायचं, याची जुळवाजुळव त्याच्या डोक्यात सुरूही झाली होती. पण ती हळूच म्हणाली, “मला वाटत होतं सांगितलं म्हणून. नसेन सांगितलं. माझंच चुकलं, मॅडम.”

त्याचे कान तापले. ती दोघं नव्या रिपोर्टसाठी बाहेर बसली. तो मशीनच्या खोलीत गेला, उगाच चादर बदलली, परत नीट केली. मग मॅडमसमोर जाऊन उभा राहिला आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं.

“फाइल मी मागून घ्यायला हवी होती, ती चूक माझी,” मॅडम म्हणाल्या. “पण हे तुम्ही त्यांना सांगा. नवऱ्यासमोर.”

बाकं भरलेली होती. तो तिच्यापुढे उभा राहिला. “ताई, तुम्ही सांगितलं होतं. फाइलही दाखवत होतात. मीच ऐकून घेतलं नाही. आणि आत खोटं बोललो.”

नवरा ताडकन उठला. तिने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

“आठवडाभर घरात सगळे विचारत होते, तू काय खाल्लंस, काय उचललंस,” ती म्हणाली. “मीही स्वतःला तेच विचारत होते. आणि आज तर मला वाटलं, माझं डोकंच ठिकाणावर नाही.” तिने घड्याळरावाकडे पाहिलं. “परत म्हणा.”

“काय?”

“मी सांगितलं होतं, ते. यांच्याकडे बघून म्हणा.”

त्याने नवऱ्याकडे बघून म्हटलं. नवऱ्याने मान खाली घातली.

रिपोर्ट आला तेव्हा नवऱ्याने हात पुढे केला, पण तिने तो स्वतः घेतला, फाइलमध्ये लावला आणि चालू लागली. बाकांवरची माणसं घड्याळरावाकडे बघत होती. त्यातल्याच एकाला आता हाक मारून आत न्यायचं होतं, आणि त्याला कोणाच्याही तोंडाकडे बघवेना.