माझ्या आधी चढलेली फाइल

मित्रांनो, मी एक यादी आहे. तेवीस ओळींची, अगदी साधी. स्वभाव मात्र पहिल्यापासून घाबरट, तेव्हा माझी गोष्ट ऐकताना जरा सांभाळून घ्या.

चौक गावात जुन्या हायवेवर एका गॅरेजच्या माडीवर तेजश्री आणि सुनील यांची खोली आहे. दोघं मिळून रानभाज्यांची ओळख करून देणारं मोबाइल ॲप बनवतात. प्रोग्राममधला प्रत्येक बदल ते संगणकातल्या एका नोंदवहीत चढवतात. त्या वहीची जुनी पानं कधी जात नाहीत. तिच्यात काय चढवायचं नाही, ते माझ्यात लिहिलेलं असतं. मी दाराशी बसते आणि नको त्या फायली आत सोडत नाही.

माझ्यातली सगळ्यांत मोलाची ओळ 'जागा' नावाच्या फोल्डरची. वरच्या ठाकरवाडीतल्या सोमीमावशींनी तेजश्रीला दिवसभर डोंगर फिरवून सफेद मुसळी ही औषधी मुळांची भाजी कुठेकुठे उगवते ते दाखवलं होतं. वाडीच्या वनहक्काच्या दाव्याला नकाशा हवा होता, म्हणून. एरवी त्या जागा वाडीबाहेर कुणाला सांगत नाहीत. वाडीतली माणसं बी गळाल्यावरच खणतात आणि निम्मी मुळं जमिनीतच ठेवतात. बाहेरचे टेंपो घेऊन येतात ते मात्र सगळं मुळासकट नेतात. पलीकडचा डोंगर त्यांनी असाच बोडका केला. "पोरी, हे तुझ्यापाशीच ठेव गं," एवढंच मावशी म्हणाल्या होत्या.

तेजश्रीनं मला लिहिलं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि तिथेच घोळ झाला. दसऱ्याला सुनीलनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मुहूर्त टळू नये म्हणून जे होतं ते सगळं वहीत चढवून टाकलं. त्यात 'जागा'मधली नकाशाची फाइलही गेली. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

आम्हा याद्यांचा एक नियम आहे. नव्या फाइलला आम्ही अडवतो, पण आधीच आत गेलेलीवर आमचं काही चालत नाही. तेजश्री नकाशात जागा वाढवायची आणि ती फाइल माझ्या नाकावर टिच्चून पुन्हा वहीत चढायची. मी नुसती बघायची. मला कुठे बोलता येतं हो?

पुढच्या श्रावणात वही सर्वांसाठी खुली करायचं ठरलं, इतर तालुक्यांतल्या मुलांनाही असं ॲप बनवता यावं म्हणून. तारीख ठरली आणि माझा जीव टांगणीला लागला. आदल्या दिवशी सुनीलनं विचारलंही, मावशींचा नकाशा यात नाही ना? तेजश्रीनं मला उघडलं, 'जागा'ची ओळ वाचली आणि नाही म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही खुली झाली. कुणीतरी माझंही कौतुक केलं, यादी किती नीट लिहिली आहे म्हणून.

चार दिवसांनी शेलूच्या मनाली नावाच्या मुलीनं कळवलं, नकाशा छान आहे, हा डोंगर कुठला? तेजश्रीनं घाईघाईनं वही उघडून पाहिली, नकाशा आतच होता. नुसती फाइल पुसून भागणार नव्हतं, ती मागच्या पानांवर राहतेच. दोघांनी वही बंद केली आणि एकेका पानावरून ती फाइल खरवडून काढली. पण तोवर अकरा जणांनी वहीची प्रत नेली होती. त्या सगळ्यांना फाइल पुसायची विनंती केली. दहा जणांनी पुसल्याचं कळवलं. अकराव्याचं उत्तर आलं नाही.

तेजश्रीनं लपवाछपवी केली नाही. लॅपटॉप काखोटीला मारून ती वाडीवर गेली आणि मावशींना सगळं सांगितलं.

"फाइल तू पुसलीस गं," त्या म्हणाल्या. "पण डोंगर मी कुठं लपवू?"

तेव्हापासून वाडीतली दोन माणसं आळीपाळीनं वर राखणीला बसतात.

मित्रांनो, दुसऱ्याचं गुपित हाती आलं तर मुहूर्त नंतर बघा. आधी राखण बसवा. आणि दार उघडण्यापूर्वी यादी वाचून थांबू नका, आत कोण कोण बसलं आहे ते स्वतः पाहा.

आणि अकराव्या माणसा, तू जो कोणी असशील, तुझ्यापर्यंत हे पोचलं तर उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तेवढी फाइल पुसून टाक रे बाबा.